चार बोटं कमी

मुरलीभाऊ झांबरे गेला त्याला आता दोन वर्षं होतील. तेराव्याच्या दिवशी त्याच्या फोटोला हार घालून झाल्यावर कुसुमवहिनी बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "एवढा वेळ एका जागी राहिलेले मी यांना आजच बघते आहे." जमलेले सगळे रडत होते, ते त्यातच हसले. वहिनींनाही हसू आलं.

वहिनींचं म्हणणं शब्दश: खरं होतं. मुरलीभाऊ बसत नसे. लग्नाच्या पंगतीत त्याला कितीही आग्रह करा, तो वाढायच्या बादल्या उचलायचा आणि सगळ्यांचं आटोपलं की आचाऱ्याजवळ उभ्याउभ्या भरीत-पुरी खाऊन मोकळा व्हायचा. सिनेमाला गेला तर बाहेर जायच्या दाराशी उभं राहून बघायचा. घरी चहा प्यायचा तोही ओट्यापासून दारापर्यंत चकरा मारत, आणि कप नेमका कुठे ठेवला ते वहिनींना शोधावं लागायचं. चुकून खुर्चीवर टेकलाच तर उजवा पाय असा हलायचा की शेजारच्या माणसाला आपणच कुठेतरी पोचायला उशीर करतोय असं वाटावं.

जळगावात जुन्या बसस्टँडमागे त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. यावल-रावेरकडचे केळीवाले शेतकरी जळालेल्या मोटारी घेऊन यायचे, आणि हा आतली काळी पडलेली तार काढून नवी तांब्याची तार भरायचा. तेवढ्या वेळात मात्र तो स्थिर असे. वेढे मोजताना ओठ हलायचे, बाकी काही हलायचं नाही. मध्ये कुणी "मुरलीभाऊ, रामराम" म्हटलं तर काहीएक न बोलता सगळी तार उलगडून पुन्हा एकपासून सुरू करायचा. पुढे पुढे लोक दुकानात शिरताना आधी त्याच्या ओठांकडे बघायला शिकले.

वेळेचं त्याचं गणित सगळ्या जगाच्या उलट होतं. गाडीला दीड तास असला की "चला, उशीर झाला," म्हणून दहा जणांना घाई करायचा. गाडी सुटायला दोन मिनिटं उरली की हा पान लावून घेत म्हणायचा, "वेळ आहे अजून, भरपूर आहे." स्वत:च्या लग्नालाही तो असाच पोचला. वऱ्हाड भुसावळला निघालं होतं. वाटेत चहाला बस थांबली, तिथे एका ओळखीच्या शेतकऱ्याची विहिरीवरची मोटार बंद पडलेली. पाणी भरायची पाळी होती, म्हणून नवरदेव ती बघायला गेला आणि वऱ्हाड त्याला विसरून पुढे निघून गेलं. दुसरं मंगलाष्टक चालू असताना मुरलीभाऊ ट्रॅक्टरवरून मांडवात उतरला. बाशिंग जागच्या जागी, हाताला ग्रीस. अंतरपाटापाशी उभा राहून सासऱ्यांना म्हणाला, "अजून तीन मंगलाष्टकं बाकी आहेत ना?"

अशा माणसाला बास्केटबॉल का जमला असावा, हे मला अजून नीट सांगता येत नाही. आमच्याकडे कुस्तीला गर्दी, कबड्डीला गर्दी. बास्केटबॉल हा आमच्या शाळेतल्या एका शिक्षकांचा नाद. त्यांनी आमच्या क्रीडा मंडळाच्या मैदानावर दोन खांब उभे केले, सिमेंट टाकून घेतलं आणि बदलून गेले. मुरलीभाऊ माझ्याहून चार वर्षांनी मोठा. तो संघाचा कप्तान, मी राखीव खेळाडू. राखीव म्हणजे पाणी देणारा, हे मी तेव्हाही मान्य केलं होतं.

सामना सुरू झाला की मुरलीभाऊ अगदीच वाईट खेळायचा. मैदानभर विनाकारण धावायचा, पास चुकवायचा, रिंगच्या खालून मारलेले सोपे बॉल घालवायचा. प्रेक्षकांतून कुणीतरी "बसवा त्याले," म्हणून ओरडायचं. मग शेवटचं मिनिट लागायचं. आमचा संघ एका-दोन गुणांनी मागे असायचा, समोरच्या संघाचे खेळाडू घड्याळाकडे बघू लागायचे, आणि हा डावीकडच्या त्याच्या जागेवर येऊन उभा राहायचा. मोटारीचे वेढे मोजतानाचा चेहरा. बॉल हातात आला की पाय शांत, खांदे शांत. बॉल वर जायचा आणि जाळीतून नुसता खसकन आवाज यायचा. बाजूच्या गल्लीतले दुकानदार शेवटच्या पाच मिनिटांपुरते गल्ल्यावर कुणाला तरी बसवून यायचे आणि तेवढं बघून परत जायचे. पूर्ण सामना बघणं हे त्यांना पैलवानाची आंघोळ बघण्याइतकं बिनकामाचं वाटायचं.

आता मैदानाबद्दल सांगतो, कारण सगळं तिथेच घडलं. वर्षभर ते मैदान गावाचं असायचं. लग्नाच्या चुली त्यावर पेटायच्या, गणपतीच्या मांडवाला खड्डे तिथेच खणले जायचे, आणि उरलेलं काम आमचं ऊन करायचं. मार्चपर्यंत सिमेंटची चाळण. मेमध्ये आमची स्पर्धा. म्हणून दर एप्रिलला मुरलीभाऊ सगळ्या संघाला कामाला लावून मैदानावर सिमेंटचा नवा थर चढवायचा. गवंडी लावू द्यायचा नाही. "गवंड्याले बॉलची उसळी काय कळते," म्हणायचा. स्वत: गुडघ्यावर बसून, म्हणजे सरपटत, सगळं मैदान थापीने सारखं करायचा. मग यावलकडच्या टेम्पोवाल्यांकडून केळीची पानं आणून ओल्या सिमेंटवर अंथरायची आणि आठ दिवस त्यांवर पाणी मारायचं, हे माझं काम.

पहिल्या वर्षी थर खांबाला भिडवला होता. बॉल बोर्डावर आपटला की खांब हादरायचा आणि बुडाशी तडे जायचे. म्हणून दुसऱ्या वर्षापासून खांबाभोवती वीतभर जागा तशीच सोडायची ठरलं. शिक्षकांनी एक दहा फुटांचा बांबू करून ठेवला होता. रिंग जमिनीपासून दहा फूट पाहिजे, ती बरोबर आहे का बघायला. रिंगखाली धरला की तो जाळीत अडकायचा. त्यामुळे खांबावर रिंगच्या उंचीला रंगाची रेघ मारलेली होती आणि बांबू खांबाला लावून बघायचा, अशी पद्धत. खांबाशी लावायचा म्हणजे त्या सोडलेल्या जागेत टेकवायचा. दर वर्षी बांबूचं टोक रेघेला बरोबर लागायचं, आम्ही मान हलवायचो आणि चहा घ्यायला जायचो. पंधरा जणांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की बांबू उभा आहे तो जुन्या जमिनीवर आणि आपण खेळतो ते नव्या.

एकाच्या आलं. तो आमच्यातला नव्हता.

भटू अहिरराव हा मूळचा शिंदखेड्याकडचा, धुळ्याला शाळेत खेळाचा शिक्षक. काळा, उंच, कमी आणि तेही अहिराणीत बोलणारा. धुळ्याच्या संघातून खेळायचा आणि मुरलीभाऊवर लक्ष ठेवायचं काम त्याच्याकडे असायचं. ते तो इतकं मनावर घ्यायचा की मुरलीभाऊ पाणी प्यायला आला तरी हा दोन हातांवर उभा. दोघांचं एकमेकांशी कधी धड बोलणं नव्हतं, पण धुळ्याचा संघ मैदानात उतरला की मुरलीभाऊ आधी भटू आला का ते बघायचा. नसला तर त्याचा जिंकण्यातला रस अर्धा व्हायचा. जळगावला सामना असला की आम्ही जिंकायचो, धुळ्याला असला की ते. धुळ्याला एकदा शेवटच्या सेकंदाला मुरलीभाऊच्या हातात बॉल आला, त्याने मारला, आणि तो रिंगच्या पुढच्या कडेला आपटून खाली आला. परत येताना म्हणाला, "वारा होता." पान हलत नव्हतं त्या दिवशी. आम्ही सगळ्यांनी वारा मान्य केला.

पुढच्या मे महिन्यात जळगावला अंतिम सामना. नेहमीसारखा शेवटच्या क्षणी मुरलीभाऊने मारला आणि आम्ही एका गुणाने जिंकलो. गर्दी मैदानात शिरली. भटू सरळ पंचांच्या टेबलाशी गेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "जयगावनी रिंग बुटकी शे. आम्हना बठ्ठा बॉल मांगे आपटतस." त्यांचे सगळे बॉल मागच्या कडेला आपटतात, असं त्याचं म्हणणं.

एकदम गलका झाला. मुरलीभाऊने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि मला म्हणाला, "दिल्या, बांबू आन." मी बांबू आणला. भर गर्दीत तो खांबाला लावला. टोक रेघेला लागलं, केसभरही कमी-जास्त नाही. शिट्ट्या सुरू झाल्या. मीही दोन बोटं तोंडात घालून वाजवली, ते मला अजून आठवतं आणि आठवलं की लाज वाटते.

इथे ते संपायला हवं होतं. पण मुरलीभाऊचं रक्त तापलं होतं. तो म्हणाला, "टेबलापाशी बोललास, आता माइकवर बोल. सगळ्या जळगावले कळू दे."

भटूने त्याच्याकडे एकदा बघितलं. मग माइकपाशी जाऊन म्हणाला, "रिंग बरोबर शे. मन्ही चूक व्हयनी." आणि किटबॅग उचलून बसमध्ये जाऊन बसला. त्यानंतर तो आमच्या मैदानावर आला नाही. दर वर्षी त्याने तयार केलेले खेळाडू यायचे, झुंजायचे, मुरलीभाऊच्या शेवटच्या बॉलवर हरायचे आणि जायचे. भटू नाही. मुरलीभाऊ जिंकून आल्यावरही दुकानात येरझाऱ्या घालायचा. "भटू का येत नाही रे?" असं मला दोनदा तरी विचारलं असेल. मी म्हणालो, "तू माइकवर बोलायला लावलंस, आता कसा येईल." त्यावर तो तार मोजायला लागायचा.

त्याच सुमारास राज्याच्या संघाची निवड चाचणी होती. पुण्याला गेला आणि दोन दिवसांत परत आला. काय झालं विचारलं तर "तिथले बॉल जड होते" एवढंच. मग वयानुसार खेळणं सुटलं, स्पर्धा बंद पडली, मैदानावर गाड्या उभ्या राहू लागल्या. पण मुरलीभाऊचं नाव राहिलं. दुकानात आलेला म्हातारा शेतकरी मुलाला सांगायचा, "हे भाऊ शेवटच्या सेकंदाले मारायचे." मुरलीभाऊ वर न बघता वेढे मोजत राहायचा, पण ते ऐकायला त्याला आवडायचं. न आवडायला काय झालं? त्याच्याकडे तेवढंच होतं.

मग बऱ्याच वर्षांनी मैदान नवं करायचं ठरलं. जुनं सिमेंट फोडून वर हल्ली टाकतात ते रबरासारखं निळं आवरण टाकायचं होतं. कामावर पल्लवी नावाची एक तरुण इंजिनिअर होती. मुरलीभाऊ रोज सकाळी तिच्या डोक्यावर उभा. "ताई, उसळी बघा बरं का." तिने ते सहन केलं. एका सकाळी यंत्राने कडेचा एक मोठा तुकडा उचकटला, तो तिने हातात धरून फिरवला आणि म्हणाली, "काका, हे बघा, घडीच्या पोळीसारखे पदर आहेत. तेरा मोजले मी. दर वेळी वरच टाकत होतात का?"

"दर साल," मुरलीभाऊ अभिमानाने म्हणाला.

"आणि रिंग वर घेत होतात ना त्याप्रमाणे?"

मुरलीभाऊ खांबापाशी गेला. त्याने खांबाभोवतीच्या त्या सोडलेल्या जागेत हात घातला. खालच्या जुन्या जमिनीवर बोटं आडवी ठेवली, एकावर एक. चार बोटं बसली आणि मग वरचं सिमेंट लागलं. तो तिथेच फुटलेल्या तुकड्यांवर खाली बसला. पाऊण तास बसला. पल्लवीने घाबरून मला फोन केला, तेव्हा मी गेलो.

त्यानंतरचे पंधरा दिवस त्याने आम्हा सगळ्यांना हैराण केलं. पहाटे फिरायला म्हणून निघायचा तो माझ्या दारात यायचा. दुकानात वेढे चुकले, यावलच्या एका शेतकऱ्याची मोटार भरून दिली ती दुसऱ्या दिवशी जळाली. असं आयुष्यात पहिल्यांदा झालं. वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, यांना कुठेतरी घेऊन जा, नाहीतर माझ्या घराची फरशी झिजेल."

मी त्याला समजावलं. म्हणालो, मुरलीभाऊ, चार बोटांनी काय होतं? ज्याला त्याला विसर पडलाय. पल्लवी बाहेरची आहे, तुझ्या-माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. गप्प राहा.

"आपल्याच हातानं केलं ना रे आपन," तो म्हणाला. "थर म्याच टाकले. त्याच रिंगवर दिवसरात मारत राह्यलो. मंग मारनारा मी का रिंग? मले कोनी सांगत नाही. आन भटू खरा होता. त्याले म्या माइकवर उभं केलं."

शेवटी एका गुरुवारी आम्ही धुळ्याची एसटी पकडली. सिमेंटचा एक पदरवाला तुकडा त्याने कापडी पिशवीत घेतला होता. गाडी निम्मी रिकामी, तरी हा दांड्याला धरून उभा. पारोळा मागे गेल्यावर एकदम म्हणाला, "पुण्याले बारा बॉल दिले होते. बाराच्या बारा पुढच्या कडेले लागले. चार बोटं कमी." मग खिडकीबाहेर बघत राहिला. मी त्याच्याकडे बघितलं नाही. मला वाईट वाटत होतं.

भटू आता निवृत्त झाला होता. घरासमोर ओट्यावर बसून नातवाच्या सायकलची साखळी बसवत होता. एक गुडघा कामातून गेलेला. आम्हाला बघून उठला नाही. "या," म्हणाला आणि आत बघून चहा सांगितला. मुरलीभाऊने पिशवीतून तुकडा काढून त्याच्यापुढे ठेवला. सगळं सांगितलं: थर, बांबू, खांबाची जागा, चार बोटं. एका दमात, उभ्याउभ्या.

भटूने तुकडा उलटासुलटा करून बघितला. "माले तवयच माहीत व्हतं," तो म्हणाला. "बांबू लावा तवय मी खड्डा देखा. पण बठ्ठा जयगाव शिट्या मारी राहिनं व्हतं. कोन आयकी?"

"मंग नंतर तरी सांगायचं."

"नंतर मी शाळानी रिंग खाली करी."

आम्हाला कळेना. मग त्याने जे सांगितलं ते असं. धुळ्याला परत गेल्यावर त्याने शाळेच्या मैदानावरची रिंग बोल्ट ढिले करून खाली सरकवली, जेवढी जळगावची कमी तेवढीच. त्याच्या खेळाडूंनी वर्षभर तिच्यावरच सराव करायचा. दर मे महिन्यात त्याचा कप्तान आमच्याकडे आला की बुटाची नाडी बांधायचं निमित्त करून त्या खड्ड्यात बोटं घालून मोजून जायचा. आम्ही एक थर चढवला की भटू तिकडे रिंग तेवढीच आणखी खाली घ्यायचा.

"त्या रिंगपायी मन्ही पोरं बाकी बठ्ठा ठिकाने हारनीत," भटू म्हणाला. "नाशिकले हारनीत, पुन्याले हारनीत. माले फक्त जयगावले जिकनं व्हतं. आन तठे बी तू शेवटले मारी जास. रिंग तीच, उंची तीच, मन्ही पोरं तुन्हापेक्षा जवान. तरी तूच." हे तो कौतुकाने म्हणत नव्हता. चांगलाच चिडून म्हणत होता.

मुरलीभाऊ ओट्यावर टेकला. त्याला जे हवं होतं ते त्याला मिळालं होतं, आणि ज्याच्याकडून मिळावं असं त्याला स्वप्नातही वाटलं नसेल त्याच्याकडून. त्याने हात जोडले. "भटूभाऊ, माझं चुकलं. माफ कर."

भटूने साखळी पुन्हा हातात घेतली. "घरमा, चहा पीता पीता नको. तू माले माइकवर सांगाले लावं व्हतं. तू बी माइकवर सांग. बठ्ठास्ले आयकू येवाले जोयजे."

नव्या मैदानाचं उद्घाटन महिनाभरात होतं. मंडळाचे अध्यक्ष फालक नाना. मुरलीभाऊ त्यांच्याकडे दोन मिनिटं बोलायला मागायला गेला, सोबत मी. नानांनी सगळं ऐकलं, मग दार लावून घेतलं. म्हणाले, "मुरली, कपाटातल्या ढाली तुझ्या एकट्याच्या नाहीत. कितीतरी पोरांच्या नोकरीच्या अर्जाला तेव्हाची प्रमाणपत्रं लागलीत. उद्या कुणी म्हणालं जळगावचा संघ फसवून जिंकत होता, तर काय उत्तर देऊ?"

"खरं सांगू. मुद्दाम नाही केलं, चुकून केलं."

"कार्यक्रमपत्रिका छापून झाली," नाना म्हणाले.

उद्घाटनाच्या दिवशी भटू येईल असं मला वाटलं नव्हतं. आला. पुढे खुर्च्या होत्या, मी बोलवायला गेलो तर म्हणाला, "मी पाहुना म्हनीसन उनू नही." मैदानाच्या पलीकडच्या टोकाला, रिंगच्या मागे उन्हात उभा राहिला. स्वागत झालं, नारळ फुटला, चार भाषणं झाली. मुरलीभाऊ मांडवाच्या मागे चकरा मारत होता. आभार झाले, राष्ट्रगीत झालं, लोक कचोरीच्या टेबलाकडे वळले. तेव्हा हा मंचावर चढला, माइक उचलला आणि बोलला. मी जवळ होतो म्हणून मला ऐकू आलं. मांडववाल्याने तोवर वायर काढून गुंडाळायला घेतली होती. माइक बंद होता.

समोरच्या दोन-चार जणांनी मान वर करून बघितलं. नाना लगेच आले आणि त्याच्या दंडाला धरून म्हणाले, "झालं ना? बोललास ना? पुरे आता, चल." त्यांच्या आवाजात सुटका झाल्याचा आनंद होता. आणि खरं सांगायचं तर मलाही हायसं वाटलं. त्याने शब्द पाळला होता, मंडळाचं नावही राहिलं होतं. यापेक्षा चांगलं काय होणार.

पलीकडून भटूचा आवाज आला. "काहीच आयकू उनं नही."

मुरलीभाऊने नानांचा हात सोडवला. मंचावरून उतरून नव्या निळ्या मैदानाच्या मधोमध गेला आणि ओरडला. साठीला आलेल्या माणसाचा घसा, शिरा ताणलेल्या. "हा भटू अहिरराव. धुळ्याचा. याने सांगितलं होतं आपली रिंग बुटकी आहे. म्या याले माइकवर खोटं पाडलं. हा खरा होता. रिंग चार बोटं कमी होती. सिमेंट म्याच टाकलं होतं. चूक माझी होती." शेवटच्या शब्दाला आवाज फाटला.

कचोरी खाणारे हात थांबले. नाना खाली बघत होते. नवा बॉल घेऊन उभ्या असलेल्या मुली एकमेकींना विचारत होत्या, कोण भटू, कसली रिंग. मग भटूने चपला काढल्या, कडेला ठेवल्या आणि लंगडत मैदानात आला. मुरलीभाऊच्या शेजारी उभा राहिला आणि मंचाकडे तोंड करून तेवढ्याच मोठ्याने म्हणाला, "आन आते मन्हं आयका. मी धुयामा मन्ही रिंग बी तेवढीच खाली करी. तरी बी ह्या मानूसनी माले दर साल हाराडं."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. काय वाजवायचं तेच लोकांना कळलं नसावं. मुरलीभाऊ रडत होता, लपवत नव्हता. "तू हे कायले सांगितलं?" तो म्हणाला. "तुझी पोरं काय म्हनतील?"

"मन्ही पोरं आते पोरंसोरंना बाप शेतस," भटू म्हणाला. "रडू नको. पाचनी गाडी शे मन्ही."

मला दुसऱ्या दिवशी मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला निघायचं होतं आणि मंडळाच्या खुर्च्या त्या संध्याकाळीच परत करायच्या होत्या, म्हणून मी मागे राहिलो. ते दोघं फाटकातून बाहेर पडताना मला दिसले. मुरलीभाऊ सवयीने चार पावलं पुढे जायचा, थांबायचा, भटूचा गुडघा येईपर्यंत वाट बघायचा. मग पुन्हा पुढे. त्यांचं काहीतरी जोरजोरात चाललं होतं, बहुधा कुठल्यातरी जुन्या सामन्यावरून, कारण मुरलीभाऊने रस्त्यातच थांबून दोन्ही हात वर करून दाखवले आणि भटूने नाही नाही म्हणून मान हलवली. मी खुर्च्या एकावर एक रचू लागलो. तीन आठवड्यांनी पुण्यात वहिनींचा फोन आला. दुकानात वेढे मोजताना गेला, म्हणाल्या.

तेराव्याला भटू धुळ्याहून आला होता. फोटोसमोर बसला नाही, उभाच राहिला.